हिरव्या तिकिटाची पाठ

माझी सगळी नोकरी अर्ध्या मिलिमीटरच्या भांडणात गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात मी इन्स्पेक्टर होतो. इन्स्पेक्टर म्हटलं की लोक जरा सावरून बसायचे, पण लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, मोजायचा आणि मापात नसेल तर बाजूला टाकायचा, एवढंच माझं काम. लेथ चालवणारी टर्नर मंडळी मला पाठीमागे काय म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही. पण माझं माप चुकलंय असं कुणी तोंडावर म्हणू शकत नव्हतं आणि त्याची मला भलती घमेंड होती.

त्या घमेंडीपायी मी माझ्या सरांचं तिकीट कापलं.

सर म्हणजे शाळेतले आमचे चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी टपाल तिकिटांचा नाद पुरता लावून घेतला आणि रविवारी सकाळी मला शेजारी बसवून मलाही लावला. त्यांचा जीव अमेरिकेच्या जुन्या तिकिटांत. त्यांचे वडील एका अमेरिकन मिशनऱ्याच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. बोटीनं येणाऱ्या वर्तमानपत्रांची वेष्टनं साहेब टाकून द्यायचा आणि वडील त्यावरची तिकिटं पाण्यात भिजवून काढून ठेवायचे. पुढे तो सगळा ठेवा वाळवीनं खाल्ला. वडिलांच्या हातचं एकच तिकीट उरलं, एक सेंटचं, हिरवं, अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या चेहऱ्याचं.

गंमत अशी की हे हिरवं तिकीट अमेरिकेनं वर्षानुवर्षं छापलं. चेहरा तोच, रंग तोच, दातेरी कडही तीच. बहुतेक सपाट प्लेटवर छापलेली, ती पैशाला पासरी. पण थोडीशी मात्र प्लेट वाकवून, रोलरवर बसवून छापली. वाकवताना प्लेट ताणते, त्यामुळे चित्र अर्धा मिलिमीटर उंच येतं. असं उंच तिकीट सापडणं म्हणजे नशीबच उघडलं म्हणायचं. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला लगेच पटलं. पत्रा वाकवला की ताणतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

सरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. तिकीट हातात आलं की आधी पाठ बघायची. सपाट प्लेटवरची पानं ओली असतानाच एकावर एक ठेवत, म्हणून पुष्कळदा खालच्या पानाची शाई वरच्याच्या पाठीला लागते आणि हिरवे ठिपके दिसतात. मी मनात म्हणायचो, ठिपकेबिपके हे अंदाजाचं काम, आपण मापाची माणसं.

दोन हजारनंतरची, लोडशेडिंगची ती वर्षं. शहरात तिकिटांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि सरांनी अर्जात लिहून टाकलं होतं, ‘एक सेंट, हिरवे, रोलरवरचे, दुर्मिळ.’ तिकीट क्लबातल्या एकानं सगळ्यांदेखत हसून म्हटलं होतं, “मास्तरांस्नी हिरवं दिसलं की दुर्मिळच वाटतंय!” आणि आता रविवारी बाहेरगावचा परीक्षक येऊन त्याच क्लबासमोर ते तिकीट मोजणार होता. शुक्रवारी संध्याकाळी सरांनी मला दोन पाकिटं दिली. एकात वडिलांचं तिकीट, दुसऱ्यात बाजारातलं साधं, तुलनेसाठी.

“माझ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय,” ते म्हणाले. “पाठीवर ठिपका न्हाय, म्हणून आशा हाय. पर खरं काय ते मला आदल्या दिवशी कळलं पायजे. चारचौघांत कळाय नको.”

आमच्यात याची एक रीत होती. साध्या तिकिटाची वरची आणि खालची दातेरी कड चित्राच्या रेषेला चिकटून कापायची आणि ते दुसऱ्या तिकिटावर ठेवायचं. खालच्याची रेषा बाहेर डोकावली तर ते उंच. एका साध्या तिकिटाचा बळी जातो, पण निकाल पक्का लागतो.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी इन्स्पेक्शन रूमचं दार लावून घेतलं. लाईट गेलेली होती. खिडकीजवळ टेबल ओढलं, काळं फडकं पसरलं आणि दोन्ही तिकिटं चिमट्यानं बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवली. डावीकडे वडिलांचं, उजवीकडे साधं. कात्री हातात घेतली आणि लाईट आली. डोक्यावरच्या पंख्याचं बटण चालूच राहिलेलं. पंखा फिरला आणि दोन्ही तिकिटं उडाली.

एक टेबलाच्या पायाशी सापडलं. दुसरं शोधायला मी पोटावर आडवा झालो, कपाटाखाली हात घातला, लोखंडाचा कीस नखात गेला. दहा मिनिटांनी ते भिंतीच्या कडेला दिसलं. दोन्ही फडक्यावर ठेवली. कुठलं वडिलांचं, कुठलं बाजारातलं, हे मला सांगता येईना.

भिंगाखाली पट्टी लावली. हे बावीस मिलिमीटर, तेही बावीस. पण कागदावर व्हर्नियर, आमचं बारीक मापाचं हत्यार, लावायची सोय नाही आणि पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरचा मी विश्वास ठेवला नसता. कापून बघायचं तर कापायचं कुठलं? उंच तिकिटालाच कात्री लागली तर? सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती. थांबावं, दोन्ही घेऊन सरांकडे जावं, हे साधं शहाणपण होतं. पण माझ्या हातून तिकिटं मिसळली, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? कपाट उजव्या हाताला होतं, म्हणजे उजवं तिकीट तिकडेच उडालं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कपाटाकडच्याला कात्री लावली.

वर एक काप, खाली एक काप. श्वास रोखून ते दुसऱ्यावर ठेवलं. रेषेवर रेषा बसली, केसभरही फरक नाही.

दोन्ही साधीच होती. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. दुर्मिळ काही कापलं नव्हतं, सुटलो. मग सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि स्वतःची लाज वाटली. उरलेल्या दिवसात एकही जॉब धड मोजला नाही.

संध्याकाळी सर दारातच उभे होते. मी अख्खं तिकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, “सर, साधं आहे.”

 त्यांनी तिकीट पालथं केलं, खिडकीशी नेलं, डोळ्याला लावून बघितलं.

“ह्ये माझं न्हवं.”

“सर...”

“ठिपके हायत की ह्येला. माझं कुठं हाय?”

मी खिशातलं पाकीट काढून दिलं. कापलेलं तिकीट त्यांनी तळहातावर पालथं घातलं. तेव्हा मी त्याची पाठ पहिल्यांदा पाहिली. त्यावर फिकट पिवळा डाग होता, अंगठ्याएवढा. हळदीचा. स्वयंपाक करता करता त्यांच्या वडिलांनी वेष्टनावरून ते तिकीट काढलं असणार.

सर ओरडले. चाळीस पोरांच्या वर्गातही ते कधी तसे ओरडले नव्हते. “अर्धा मिलिमीटर मोजतोस व्हय रं तू? आणि पाठ बघाय ईना तुला? आधी पाठ बघायची म्हणून किती येळा सांगितलंतं!” मग ते खाली बसले. साधं असल्याचं दुःख त्यांनी केलंच नाही. मी चहा न घेता निघालो आणि त्यांनीही मला थांबवलं नाही.

रविवारी प्रदर्शनाला जाऊ नये असंच वाटत होतं. तरी गेलो. सरांची चौकट कोपऱ्यात होती. अर्जातली ओळ त्यांनी खोडून घेतली होती आणि नव्या कार्डावर चित्रकला शिक्षकाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘एक सेंट, साधे. माझ्या वडिलांनी काढलेले.’ त्याखाली तिकीट पालथं लावलेलं. हळदीचा अंगठा समोर.

क्लबातले सगळे परीक्षकाच्या मागे जमले होते. सरांना हसलेला तो गृहस्थ पुढेच होता. परीक्षक वाकला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “तिकीट उलटं का लावलंय? पुढची बाजू दाखवा.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, वर्गात उत्तराची वाट बघायचे तसे.

“पुढची बाजू मी कापली,” मी म्हणालो. “पाठ न बघता.”