भिंतीवरून गेलेलं पाणी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, घरमालक ताप देतोय, पण गप्प बसलेलं बरं." तुमच्याकडचा कायदा मला ठाऊक नाही. पण आपल्या शेजारी जे घडलं, ते आत्ताच सांगायला हवं.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी बायका लग्नालाही उशिरा जातात. शेजारच्या घरात मागच्या खोल्यांत एक शिवणकाम करणारी बाई मुलीसह भाड्यानं राहते, मूळची पिशोरची. मालकाला खोल्या रिकाम्या हव्या होत्या. त्यानं तिच्या टाकीचा व्हॉल्व्हच बंद केला.

पाण्याच्या दिवशी कुणाची टाकी कोरडी राहू द्यायची नाही, ही आमच्या गल्लीची रीत. मी भिंतीवरून पाइप टाकला. तर मालक हसून म्हणाला, "काकू, तिला पाणी मिळतंय की! मग मी छळतो कुठं?"

आमच्याच पाइपाची त्यानं ढाल केली.

ती म्हणाली, "जाऊ द्या काकू, गावाकडं जाते."

"आणि गिऱ्हाईक? ते काय एसटीनं पिशोरला येणार ब्लाउज शिवून घ्यायला?"

ती हसली आणि मग रडली.

कोर्टात बायकांना मोफत वकील मिळतो. मी तिला तिथं घेऊन गेले. फुलंब्रीहून ये-जा करणारी एक तरुण वकील भेटली. मी विचारलं, "पाइप काढून टाकू का?"

"नका काढू, आजी. केससाठी कुणाला तहानलेलं ठेवायचं नसतं. तो का टाकावा लागला, एवढं शपथेवर सांगाल? खोल्या हव्या असतील तर मालकानं कोर्टात मागाव्यात, पाणी तोडून नाही."

मालकाच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्लेल्या. त्याच्याविरुद्ध शपथ घेणं जड गेलं, पण घेतली. कोर्टानं पाणी लगेच सुरू करायला सांगितलं. व्हॉल्व्ह त्यालाच उघडावा लागला.

कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. संक्रांतीला मात्र त्याची बायको तिळगूळ घेऊन आली. "हे बाहेर उभे आहेत," म्हणाली. मी त्याला आत बोलावलं. खोल्यांसाठी त्यानं आता रीतसर दावा लावलाय. त्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल.

शिवणकाम करणारी ती बाई अजून तिथंच राहते. दुपारी तिच्या मशीनचा आवाज येतो, आणि भिंतीवरचा पाइप मी काढलेला नाही.