महानंदानं सोडून दिलेले प्रश्न

उदगीरच्या सिद्रामप्पांच्या किराणा दुकानात एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'न्हाई'. गादीवर बसून गिऱ्हाइकाला न्हाई म्हणलं की लक्ष्मी उठून जाते, असं सिद्रामप्पांना त्यांच्या बापानं सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. तूरडाळ संपली तर मसूर पुढं करायची. मसूरही संपली तर "उद्या येऊन राहिली" म्हणायचं. गिऱ्हाईक हट्टालाच पेटलं तर हातावर चिमूटभर साखर ठेवून घरच्यांची खुशाली विचारायची. एकदा पोळ्याला एकानं बैलाच्या शिंगांचा रंग मागितला, तर सिद्रामप्पांनी त्याला हळद विकली. बैलाला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

त्या दुकानात महानंदा लहानाची मोठी झाली. सिद्रामप्पांची एकुलती लेक, बी.कॉम. झालेली. अप्पांची कंबर धरली की गादीवर तीच बसायची. पावकी-निमकी तोंडपाठ, हिशोबाला कागद लागायचा नाही. तिच्या डोक्यात एमबीएचं खूळ घातलं ते रद्दीनं. पुड्या बांधायला हैदराबादहून इंग्रजी पेपरची रद्दी यायची, आणि ही बया पुडी बांधायच्या आधी कागद वाचायची. जिरं मागणारं गिऱ्हाईक खोळंबून उभं, आणि ही अडलेल्या शब्दापाशी अडून बसलेली. अशाच एका कागदावर तिला धंदा शिकवणाऱ्या मोठ्या कॉलेजाची जाहिरात सापडली. आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत.

"धंदा शिकवायला कॉलेज?" सिद्रामप्पा म्हणाले. "मग आमी इतके दिवस काय करून राहिलो?"

पण परवानगी तिनं मोठ्या अकलेनं मागितली होती. अप्पा गादीवर बसलेले असताना. बिचाऱ्यांना 'बघू' म्हणण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पहिल्या वर्षी ती सपशेल आपटली. मग तिनं मुंबईच्या एका क्लासचा पोस्टाचा कोर्स लावला. ते सरावाचे पेपर पाठवायचे, ही सोडवून परत धाडायची आणि तिकडून लाल शाईनं रंगून यायचे. गणितात पोरगी तिखट, इंग्रजीही रद्दीच्या कृपेनं बरं. तरी मार्कांचं दिवाळं. प्रत्येक पेपरवर तपासनीस तेच लिहायचा: येत नाही तो प्रश्न सोडून द्या, चुकलेल्या उत्तराचे मार्क कापले जातात. महानंदा ते वाचायची, मान हलवायची आणि पुढच्या पेपरातही एकूण एक प्रश्नाला उत्तर देऊन मोकळी व्हायची. दारात आलेला प्रश्न रिकाम्या हातानं परत पाठवायचा म्हणजे काय? तूर नाही तर मसूर. बैलांना हळद विकणाऱ्या घराण्याची पोरगी ती, दुसरं काय करणार?

इकडं सिद्रामप्पांनी तिला बजावलं, "औंदाची एक बारी दे. जमलं तर जमलं. फुडल्या उन्हाळ्यात लगीन."

लग्नाला माणूसही तयार होता. लातूरचे धान्याचे आडते चंद्रप्पा, त्यांचा मुलगा वीरभद्र. मुलगा बरा होता, म्हणजे त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं आणि नाव घ्यायलाही. चंद्रप्पांचा तोरा मात्र बघण्यासारखा. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, आणि हा गृहस्थ असा वागायचा की जिल्हा यांच्याच आडतीत तोलून दिला. दुकानात येऊन त्यांनी सोयरीक सुचवली तेव्हा सिद्रामप्पा कुठं बसले होते, हे सांगायला नको. "बघू" म्हणाले. आडत्याच्या कानाला बघू म्हणजे सौदा झालाच.

त्यातच ते दुष्काळाचं साल. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, कचेरी मिळाली, पाटी मिळाली, पाऊस तेवढा मिळाला नाही. टँकर आला तर आला. गल्लीत पाणी उरलं ते सिद्रामप्पांच्या परसातल्या विहिरीला, आणि अख्खी गल्ली घागरी घेऊन तिथं लोटली. महानंदाची आई गुरम्मा पोहरा ओढून ओढून वाढत राहिली. नवऱ्याच्या संगतीनं तिच्याही तोंडातून तो शब्द गेला होता. एक दिवस पोहऱ्यातून गाळ वर आला आणि गुरम्मानं लेकीला हाक मारली. "तू बस गं हितं. माझ्यानं हुईना."

महानंदा पुस्तक घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसली. पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडलं आणि "उद्या येऊन राहिलं" म्हणाली. बायका हसल्या. पाणी काय हैदराबादहून यायचं होतं? दुसऱ्या दिवशी मात्र तिनं डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "दोन घागरी. तिसरी न्हाई." आभाळ कोसळलं नाही. तसाही विहिरीला तो नियम कुणी लावलाच नव्हता, नियम होता गादीचा. आठवडाभरात जिभेला वळण पडलं. सख्ख्या आत्यानं, नीलाबाईनं तिसरी घागर पुढं केली तर तिलाही न्हाई. "बापाच्या हिरीवर कलेक्टर होऊन बसलीस की," नीलाबाई फणकारली आणि दोन घागरी घेऊन गेली. अबोला धरला तिनं, पण उद्या पुन्हा रांगेत होतीच.

मग चंद्रप्पा लेकाला घेऊन मुलगी बघायला आले, मुक्कामाला राहिले. सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नसत. महानंदानं बापलेकांत मिळून एक बादली ठेवली.

"आमच्या लातुरात न्हाणीला दोन-दोन हंडे असतेत," चंद्रप्पा म्हणाले.

"मग यिताना आणायचे की संगं," महानंदा म्हणाली. "आणखी न्हाई मिळायचं."

गुरम्माला घाम फुटला. सोयरीक मोडली, असं महानंदाला वाटलं, आणि खोटं कशाला बोला, बरं वाटलं. पण चंद्रप्पा खो-खो हसले. "पोरगी धोरणी हाय सिद्रामप्पा! आमचं घर राखील." म्हणजे घ्या. सुटायला म्हणून बोलली आणि जास्तच पसंत पडली.

रागाच्या भरात तिनं त्या संध्याकाळी सरावाचा पेपर काढला. न येणारा पहिला प्रश्न आला तसं तिच्या डोळ्यांपुढं नीलाबाईची तिसरी घागर आली. न्हाई. पुढं. त्याच्या पुढचाही न्हाई. मन म्हणत होतं काहीतरी दे त्याला, मसूर तरी दे. तिनं दिली नाही. तो पेपर मुंबईहून परत आला तेव्हा लाल शाई जेमतेम दिसत होती.

डिसेंबरात परीक्षेला ती गुरम्माला घेऊन रेल्वेनं हैदराबादला गेली. पेपर सुटला तेव्हा आई फाटकाशी उभी होती.

"सगळे लिवलीस नव्हं?"

"न्हाई अव्वा. लई सोडून दिले."

परतीच्या गाडीत जहीराबाद गेलं तरी गुरम्मा रडतच होती. पुढं बिदरला चहा मिळाला म्हणून थांबली.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलाखतीचं बोलावणं आलं. नेमकं त्याच दिवशी चंद्रप्पा नारळ-सुपारी घेऊन दुकानात हजर. "बसवप्पा देवाच्या कृपेनं तारीख काढू," म्हणाले. सिद्रामप्पा गादीवर. महानंदा तराजूपाशी, हातात ते बोलावणं. मुलाखतीत निवड होईल याची काही हमी नव्हती. ही सोयरीक सोडली आणि कॉलेजही हुकलं तर गल्लीनं तोंडात शेण घातलं असतं. तिनं बापाकडं पाहिलं. इथं ती बोलली असती तर तिचा शब्द पोरीचा शब्द होता, कुणी धरला नसता. सिद्रामप्पांच्या तोंडून 'बघू' निघालं की संपलं.

सिद्रामप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. मग कंबरेला हात लावून गादीवरून उठले. चप्पलही न घालता पायऱ्या उतरले, तापलेल्या रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"चंद्रप्पा, जरा खाली या."

चंद्रप्पा बुचकळ्यात पडून खाली आले.

"न्हाई," सिद्रामप्पा म्हणाले.

चंद्रप्पांना आधी कळलंच नाही. या माणसाच्या तोंडून कुणी तो शब्द ऐकलाच नव्हता. "म्हंजी, फुडल्या म्हैन्यात म्हणता?"

"म्हंजी न्हाई. पोरगी शिकायला निघाली. तुमचा नारळ तुमी घिऊन जा, राग मानू नका."

चंद्रप्पांनी राग मानला. चांगला मानला, आणि लातूरपर्यंत मानत गेले असणार. सिद्रामप्पा पाय भाजत तसेच उभे राहिले. पायऱ्या चढायला कंबर देईना, तेव्हा महानंदानं हात दिला. ते गादीवर टेकताच समोर एक बाई तूरडाळ मागायला उभी. तूरडाळ कालच संपलेली.

"मसूर घ्या बाई, लई झकास आलीया," सिद्रामप्पा म्हणाले. बाईची मसूर तोलून झाली तरी त्यांनी लेकीकडं पाहिलं नाही. तळपाय चोळत म्हणाले, "ठेसनावर जाऊन रेल्वेचं टायम इचारून ये. आन् मुलाखतीत येत न्हाई ते येत न्हाई म्हण. तिथं काय गादी न्हाई."

बोलून झाल्यावर आपण कुठं बसलोय ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईनं गल्ल्याला हात लावून नमस्कार केला.