शेरू सात पावलांवर थांबला

मंडळी, सकाळचा प्रकार डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

आमचा शेरू दुसरा कुत्रा दिसला की त्याच्या अंगावर जातो. शेवटी आज कर्जतहून ट्रेनर बोलावला. त्याने आपली एक शांत कुत्री शेताच्या बांधावर बसवली आणि शेरूला एकेक पाऊल पुढे नेलं.

सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, आमच्या कान फाटलेल्या वाघ्यालाही याच शेतात शिकवलं होतं. पोलिसांची कुत्री सांभाळलेले कोंडाणे गावचे एक निवृत्त हवालदार आपला कुत्रा शेतातल्या खुंटाला बांधायचे. त्याच्याकडे नेलं की सात पावलांवर वाघ्या अडायचा.

"सात पावलांची जागा द्या त्याला," ते बाबांना म्हणाले. "मंग तो कुणाला काय करत नाय."

वाघ्या गेला तेव्हा बाबांनी त्याला खुंटापाशीच पुरलं. खुंट आता नाही.

आज शेरू मध्येच थांबला, शेपूट पायात घालून, खुंटाच्या जागेकडे बघत. मी त्या जागेपासून शेरूपर्यंत पावलं मोजली. सात.

ट्रेनर वैतागला. "काकू, तुमचा तो कान फाटलेला कुत्रा आधी बांधा ना."

आमच्याकडे शेरू सोडून कुत्रा नाही. उद्या ट्रेनर परत येतोय. त्याला काय सांगू?