आढावा बैठकीतला आकडा

मी दुसरबीडला जनावरांच्या दवाखान्यात होतो. महिन्याची आढावा बैठक बुलढाण्याला असे. जाण्यायेण्यात चार तास, बसण्यात पाच. मोबाइल दारातल्या खोक्यात ठेवावे लागत. त्या दिवशी माझी पाळी चार वाजता आली. मी उभा राहून लसीकरणाचा आकडा वाचला. साहेब म्हणाले, "पुढचे."

बाहेर येऊन मोबाइल पाहिला, तर गावातल्या एका म्हाताऱ्याचे अकरा मिस्ड कॉल. त्याची म्हैस विताना अडली होती. मी पोहोचेपर्यंत म्हैस गेली, रेडकूही गेलं.

म्हातारा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तिथं मिटिंगीत काय इचारलं तुमाले?"

मी लसीकरणाचा आकडा सांगितला.

"एवढंच? मंग फोनवर सांगता नसतं आलं का?"

तो आकडा आदल्या दिवशी साहेबांना फोनवरच कळवला होता, हे मला त्याला सांगवलं नाही.