शमीमखालाच्या चार मशिनी

हात पाहिल्याशिवाय शमीमखाला कोणालाही रिमोट देत नसे. समोर कॉलेजातला तरुण असो की कापसाच्या गाडीबरोबर आलेला साठीचा शेतकरी, ती म्हणायची, "दोन्ही हात दाखव." तळव्याला तेल, तंबाखू दिसली की तिचं बोट बाहेरच्या नळाकडे जायचं. धुऊन आलेल्या माणसाला ती ओढणीच्या टोकानं रिमोट पुसून द्यायची आणि बजावायची, "बटन दाबायचं हाय, फोडायचं नाही." टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्राला आमच्या उमरखेडात तेव्हा कोणी कन्सोल म्हणत नव्हतं. यंत्र म्हणजे डब्बा, त्यात घालायची ती कॅसेट, आणि हातात धरायचा तो रिमोट.

तिचं घर कापसाच्या जिनिंग गिरणीच्या रस्त्यावर होतं, आमच्या घरापासून तिसरं, आणि मोहल्ल्यातली सगळी पोरं तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणायची. माझे वडील तहसील कचेरीत कारकून, तर खालाचा नवरा गफूरमियाँ जिनिंगमध्ये फिटर. वीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेल्यावर त्यांना दमा जडला. त्यातच कापसाचे दिवस फिरले. दसऱ्याला सुरू झालेली जिनिंग पूर्वी होळीच्या पुढे चालायची, ती आता दोन-अडीच महिन्यांत थंड पडू लागली. मालकानं फिटर कमी केले त्यात गफूरमियाँचं नाव पहिलं होतं. त्याच हिवाळ्यात खालानं नांदेडच्या भावाकडून एक जुना टीव्ही आणि एक डब्बा आणून पुढच्या खोलीत मांडला. बाईमाणसानं गेमचं दुकान टाकलं म्हणून मोहल्ल्यात कुजबुज झाली. दोघी-तिघी समजावायला आल्या तेव्हा खाला म्हणाली, "मी कोनाकडे भांडे घासाले गेली असती, तं चाललं असतं का तुमाले?" त्या उठून गेल्या.

दुकान चाललं ते कापसाच्या गाड्यांमुळे. खरेदी केंद्र समोरच होतं. बैलगाड्यांची रांग लागली की माणसं दोन-दोन दिवस ताटकळायची. एकानं गाडीजवळ बसायचं आणि दुसऱ्यानं खालाकडे. ढाणकीकडच्या एका आजोबांना मी तिथं मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळताना पाहिलं आहे. वळण आलं की ते अंग झोकून "हो, हो राजा" म्हणत होते, आणि मोटार दरीत गेली तेव्हा रिमोट खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "बैल असता तं वळला असता." खालाच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. तिनं त्यांना आणखी एक डाव फुकट खेळू दिला. नंतर मला म्हणाली, "पाह्यलं? डब्बा मानसाले काही विचारत नाही. लावला का चालला. शिकेल असो, अंगठेबहाद्दर असो."

त्या गाडीवाल्यांच्या जोरावर दुसरा डब्बा आला, दुसरा टीव्ही आला, आणि ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टरही आला. दिवसाचे आठ-आठ तास वीज जाण्याचे ते दिवस. सगळा रस्ता मुका व्हायचा आणि खालाच्या खोलीतून मोटारींचा आवाज यायचा. तिच्या दोन मुली, रुबिना आणि तिच्यापेक्षा बरीच लहान तबस्सुम. रुबिना बारावी सायन्सला होती. तिला नांदेडला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी खालानं डाकघरात पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती. दुकानातून उठताना ती सांगायची, "हे मोटारी-गिटारी समदं रुबिनाच्या पांढऱ्या साडीसाठी चालू हाय."

मी त्या वर्षी कंप्युटरचा डिप्लोमा करून घरी बसलो होतो. वडिलांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, आणि जेवताना ते माझ्याकडे न पाहता आईशी बोलायचे. नोकरीसाठी मी पुसदच्या एका कंप्युटर विक्रेत्याकडे खेटे घालत होतो. एक दिवस तो म्हणाला, "नुसती सर्टिफिकेटं काय दाखवतो? चार मशिनींची एक ऑर्डर आण आणि पहिल्या तारखेपासून दुकानात ये." परतीच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच खोली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहीच्या पानावर दोन रकाने आखून खालाकडे गेलो. एकीकडे डब्बा, दुसरीकडे कंप्युटर. खालाला उर्दू वाचता यायचं, मराठी अक्षर यायचं नाही, म्हणून रुबिना मोठ्यानं वाचत होती. एका चांगल्या कंप्युटरच्या पैशात तीन डब्बे येतात हे मी लपवलं नव्हतं. पण खाली लिहिलं होतं की डब्ब्याला प्रत्येक खेळाची कॅसेट वेगळी घ्यावी लागते, तर कंप्युटरमध्ये पन्नास खेळ एकदाच भरून ठेवता येतात. डब्बा फक्त खेळायच्या कामाचा. कंप्युटरवर सकाळी फॉर्म भरा, टायपिंग करा, निकाल पाहा, आणि संध्याकाळी गेम. चार मशिनी तारेनं जोडल्या की चौघं एकमेकांविरुद्ध खेळतील, तसं नांदेडपर्यंत कुठं नाही. शेवटी मी लिहिलं होतं, खर्च एकदाच.

खालानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारायला लागली.

"लाइट गेली तं?"

"इन्व्हर्टर आहे ना तुझा," मी म्हणालो. ती बॅटरी चार मशिनींचा भार पाच मिनिटंही ओढणार नाही, हे मला माहीत होतं.

"बिघडली तं?"

"मी आहे की."

"गाडीवाले बाप्पे चालवतीन? त्याले तं ते उंदरावानी काहीतरी हातात धरा लागते."

"शिकतील, खाला. सगळेच शिकतात."

रुबिना हळूच म्हणाली, "अम्मी, सध्या दोनच घेऊ. दोन डब्बे, दोन मशिनी." मी घाईनं म्हणालो की दोनात मजा नाही, चौघांचा खेळ हीच तर खरी कमाई आहे. खालानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता. भाजी घेताना ती जशी सरळ विचारायची तसंच तिनं विचारलं, "अन् तुले यात काय भेटते, शिरी?"

"मला काय मिळणार, खाला," मी म्हणालो.

चार मशिनी आल्या. त्यांच्यासाठी खालानं एक डब्बा आणि एक टीव्ही विकला, आणि डाकघरातली रक्कम काढली. रुबिनाचा प्रवेश पुढच्या वर्षावर गेला. मी पहिल्या तारखेला पुसदला रुजू झालो. आईनं मोहल्ल्यात पेढे वाटले तेव्हा खालानं माझ्या डोक्यावर हात ठेवून "अल्ला बरकत देवो" म्हटलं. मी पेढ्याचा डबा धरून खाली मान घालून उभा होतो.

सुरुवातीचे तीन-चार महिने बरे गेले. कॉलेजची मुलं यायची, हेडफोन लावून एकमेकांवर गोळ्या झाडायची, मधूनच कोणी परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायचं. मग उन्हाळा आला आणि विजेनं हात दाखवले. डब्ब्यावर खेळताना वीज गेली तर डाव पहिल्यापासून सुरू व्हायचा, इतकंच. कंप्युटर असा मध्येच बंद पडला की परत सुरूच व्हायचा नाही. प्रत्येकाला वेगळा यूपीएस हवा होता आणि तो माझ्या पानावर नव्हता. दाब कमी-जास्त होऊन एकाचा पॉवर सप्लाय जळला, दुसऱ्याच्या पंख्यात कापसाची धूळ अडकून आतलं कार्ड तापून गेलं. डब्बा बिघडला तर खाला स्वतः उघडून, तार सोल्डर करून चालवायची. कंप्युटरच्या पोटात हात घालायची तिची छाती नव्हती. मी रविवारच्या रविवारी येऊन दुरुस्त करायचो, पैसे घ्यायचो नाही. त्या मेहनतीनं मला थोडं हलकं वाटायचं, त्यामुळे ती मी कोणासाठी करत होतो हे सांगणं कठीण आहे.

पुढच्या हंगामात कापूस आला, पण खरेदी केंद्र महिनाभर उघडलंच नाही. लोकांनी मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याला गावातच माल देऊन टाकला, आणि समोरचा रस्ता ओस पडला. जे थोडे गाडीवाले आले ते खोलीत डोकावले. ढाणकीचे आजोबाही आले होते. त्यांना मी खुर्चीवर बसवून हातात माऊस दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, टेबलावर थोडा सरकवला, मग परत ठेवून म्हणाले, "हे कचेरीतलं काम हाय, बाप्पा. आमचं नव्हं." उरलेल्या एका डब्ब्यासमोर आठ माणसं बसून होती आणि चार खुर्च्या रिकाम्या. खाला दारात उभी राहून ते पाहत होती.  तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रुबिनाचं दुसरंही वर्ष गेलं. ती दिवसभर त्या खोलीत बसून फॉर्म भरायची, रेंगाळणाऱ्या पोरांना दटावून घरी पाठवायची. एका रविवारी मी गेलो तेव्हा खाला दोन मशिनी भंगारच्या भावात देऊन मोकळी झाली होती. नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख निघून चालली होती, आणि गफूरमियाँच्या औषधापुढे फीचा विषय निघत नव्हता. रुबिना आत चहा करत होती. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि सांगून टाकलं. "खाला, त्या चार मशिनी मी विकून दिल्या म्हणून मला नोकरी लागली. तेवढीच अट होती."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मी तवा विचारलं होतं तुले. काहून विचारलं, माहीत हाय?"



"तू हो म्हनला असता, तरी मी घेतल्याच असत्या. शेजारचं लेकरू नोकरीले लागते, त्याचा बाप घरी बसाले आला, हे मले दिसत नव्हतं का? पन मंग मी दोन घेतल्या असत्या. दोन तुह्यासाठी, अन् बाकीचे पैसे रुबिनासाठी. तुह्या मालकाले मी सोता समजावलं असतं पुसदले येऊन. तू मले तेवढं समजू देलं नाही, बेटा."

रुबिना चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं ते कळलं नाही. कप ठेवून ती आत गेली. मी चहाचा कप हातात घेतला. तो थंड होईपर्यंत खालानं तांदळातून खडे काढले, आणि मी उठलो तेव्हा नेहमीसारखं "संबाळून जाय" म्हणाली.

त्यानंतरही तिनं माझ्याशी बोलणं तोडलं नाही. मी गेलो की चहा व्हायचा, आईची चौकशी व्हायची. फक्त ती मला कशाबद्दल काही विचारेनाशी झाली. टीव्ही कुठला घ्यावा, तबस्सुमला कुठल्या शाळेत घालावं, असले प्रश्न पूर्वी ती माझ्यासाठी राखून ठेवायची. आता मी समोर असताना ती रुबिनाला विचारायची. एवढीच शिक्षा तिनं मला केली, आणि तीही बहुधा तिच्या नकळत.

गफूरमियाँ गेले तेव्हा मी पुसदहून खांदा द्यायला आलो होतो. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर खालानं घर विकलं आणि मुलींना घेऊन नांदेडला भावाकडे गेली. सामान टेंपोत चढत होतं. उरलेला डब्बा तिनं स्वतः चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. मी म्हणालो, "खाला, आता तो कोण खेळणार?" ती म्हणाली, "वस्तूनं धोका नाही देल्ला मले." मग माझा चेहरा पाहून लगेच म्हणाली, "तुले नाही म्हनलं मी." पण त्यातलं न बोललेलं दोघांनाही ऐकू आलं होतं.

पुढे मी पुसदलाच स्वतःचं दुकान काढलं. लग्न झालं, मुलं झाली. नांदेडला जाणं व्हायचं, पण खालाच्या घरी जाणं मी टाळत राहिलो. भेटलो तर ती प्रेमानं वागेल, याचीच मला धास्ती होती.

दोन वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून तिला नांदेडच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी निळा गाऊन घातलेली एक आया चादर बदलायला आली. तिनं आईला इतक्या सराईत हातांनी कुशीवर वळवलं की आई कण्हलीसुद्धा नाही. काम करता करता तिनं माझ्याकडे पाहिलं. "शिरीभाऊ ना?" रुबिना होती. कानाजवळचे केस पांढरे झालेले.

"खाला?" मी विचारलं.

"मागच्या रमजानच्या आधी गेली. दोन्ही किडन्या खराब झालत्या." ती उशीची खोळ काढत बोलत होती. "तबस्सुम याच दवाखान्यात सिस्टर हाय, वरच्या मजल्यावर. तिची फी मी भरली. अम्मीनं तिचा पांढरा ड्रेस पाह्यला, तेवढं बरं झालं."

 बऱ्याच वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. मी म्हणालो, "रुबिना, माझ्यामुळे तुझं..."

तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. आवाजही चढवला नाही. "अम्मी मरेपर्यंत तुमचं नाव वाईट घेत नव्हती, शिरीभाऊ. कोनी काही म्हनलं तं म्हने, लहान होता, घाबरला होता." तिनं मळकी चादर गोळा करून काखेत धरली. "मी घेते तुमचं नाव वाईट."

मग आईच्या अंगावरचं पांघरूण तिनं पायापर्यंत नीट ओढलं, पाण्याचा ग्लास आईच्या हाताला लागेल असा ठेवला, आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.