वाळ्याच्या ताटीमागच्या सहा बाटल्या

बार्शीटाकळीच्या दुर्गाबाई अकोल्याच्या एका कॉलेजात नऊ वर्षं बाटल्या धूत होत्या. देवाची उपकरणी घासावीत तशा. राखेचा कण राहू द्यायच्या नाहीत. म्हणून अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात प्रयोगशाळेच्या हरिहर सरांनी शेरेबुकात ‘बाटल्या अस्वच्छ, दुर्गाबाईंची हयगय’ असं लिहिलं, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेरा पडलेल्या बाईला जूनमध्ये पुन्हा कामावर घेत नसत.

सरांचा प्रयोग शिंपल्यांचा. पाण्यातला मऊ जीव चुन्याचं एवढं टणक घर कसं रचतो, ते त्यांना पाहायचं होतं. बारा बाटल्यांत एकच क्षारपाणी, प्रत्येकीत पूर्णा नदीतल्या शिंपल्याचा पापुद्रा. आठ दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर सहांत चुन्याचे तिरके चौकोनी खडे, अन् सहांत त्याच चुन्याच्या नुसत्या सुया.

“सुयांच्या बाटल्या नीट धुतल्या नाहीत,” सर म्हणाले.

“सहा धुतल्या अन् सहा नाही? हात तं तोच हाय माहा. काहून मनाचं लिहून राहिले तुमी?”

“तोंड सांभाळा, बाई.”

“सांभाळूनच बोलून राहिली. फळीकडं पाहा जरा.”

बाटल्यांची फळी दोन खिडक्यांना लागून होती, सहा बाटल्या एकीपाशी, सहा दुसरीपाशी. एका खिडकीला वाळ्याची ताटी, कारण तिथं सरांची खुर्ची. ताटीवर तासातासाला पाणी मारायचं कामही दुर्गाबाईंचंच. दुसरी खिडकी पश्चिमेची, उघडी. तिथल्या काचेला बोट लावलं तरी चटका बसे. सुया सगळ्या तिकडच्याच.

“थंडाव्यात खडे, झळीत सुया. पापड तरी सगळीकडं सारखा वाळते का, सायेब? दोन नव्या बाटल्या ठेवा. धुवा तुमीच.”

सरांनी स्वतः धुतल्या. आठ दिवसांनी ताटीमागच्या बाटलीत खडे निघाले, उघड्या खिडकीतल्या बाटलीत सुया. सर हरखले. पापुद्रा तोच, पण उष्णतेनं घडण बदलते, असं भराभरा वहीत लिहू लागले.

“अन् शेरा?”

“राहू द्या हो. कोण वाचतं?”

“जूनमधी मोठे सायेब वाचतेत.”

दुर्गाबाईंनी पाण्याची बादली उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. ताटी वाळू लागली. दोन वाजता सरांचा सदरा पाठीला चिकटला. तीन वाजता त्यांनी शेरेबुक मागवलं, ओळ खोडली, खाली सही केली. दुर्गाबाईंनी ती दोनदा वाचून पाहिली, मगच बादली आत आणली. राग उतरला नव्हताच. पहिला तांब्या ताटीवर असा मारला, की निम्मं पाणी सरांच्या वहीवर उडालं. सरांनी फडकं मागितलं, तोवर त्या बाटल्या धुवायला गेल्या होत्या.