शालनला कुणी विचारलं नाही

शालन गेली, हे दवाखान्यातून आम्हाला कळायच्या आधी गावात मोबाईलवर फिरलं होतं. शेजारची रखमा धावत आली आणि तिनं फोन माझ्यापुढं धरला. शालनचा फोटो आणि खाली जोडलेले दोन हात. फोटो बघून मी फोन पालथा केला. तो फोटो ती विधवा झाली त्या दिवशीच्या व्हिडिओतला होता...

शालन माझी धाकटी जाऊ. तिचे मालक सैन्यात होते, सरहद्दीवर चकमकीत गेले. त्यांना तिरंग्यातून आणलं त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. आमच्यात बांगड्या फोडताना पुरुष पाठ फिरवतात. बायका कडं करून उभ्या राहतात आणि आतलं आतच राहतं. त्या दिवशीही पुरुषांनी पाठ फिरवली होती. मी पदर आडवा धरला होता. पण त्यातल्याच एकानं मोबाईल खांद्यावरून मागं धरला होता. रीतही पाळली आणि चित्रही काढून घेतलं. शालनचा पदर ढळलेला, कपाळ पुसलेलं, ती माझ्या हाताला चावतेय... हे सगळं गाणं लावून कुठं कुठं गेलं. मग कुणीतरी तिचा नंबरही टाकला. परक्या पुरुषांचे फोन यायला लागले. आधी म्हणायचे, "वहिनी, सलाम तुम्हाला." मग विचारायचे, "एकट्याच राहता का?" पेन्शनचा मेसेज त्याच नंबरवर यायचा म्हणून तिला नंबर बंदही करता येईना. आवाज बंद करून ती तो पिठाच्या डब्यावर पालथा ठेवायची.

मागच्या वर्षी सांगलीच्या एका कॉलेजातून शालनला वीरपत्नी म्हणून बोलावणं आलं; मी सोबतीला गेले. विषय होता लढाई, बायकांचे हक्क आणि मोबाईल. परदेशातल्या सभेला जाऊन आलेल्या एक बाई बोलत होत्या. जिथं लढाया चालू आहेत तिथल्या बायकांचे फोटो आणि पत्ते कसे बाहेर पडतात, शत्रूबरोबर आपलेही लोक ते कसे पसरवतात, बाईला विचारल्याशिवाय तिचं काही दाखवू नये असा कायदा व्हावा म्हणून देशादेशांत कसा वाद चाललाय, हे त्या चांगलं समजावून सांगत होत्या. शालन मान हलवत ऐकत होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आक्का, आपलंच सांगत्याती की गं."

मग बाई म्हणाल्या, "आता आपल्याकडचं एक उदाहरण बघू," आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तोच व्हिडिओ लागला.

शालन उठली. "आवं बाई, ती मीच हाय. आत्ता काय सांगत व्हता तुमी?"

बाई गडबडल्या. "माफ करा ताई, पण चेहरा पुसट केलाय."

"आन् हात? माझा हात मला वळखू येतोय."

बाईंनी व्हिडिओ बंद केला. चहाच्या वेळी एक गृहस्थ मात्र हसत आले, वीरपत्नीबरोबर एक फोटो पाहिजे म्हणाले. शालननं तोंडावर पदर ओढला. "काढा. लुगड्याचा काढा, लय झ्याक हाय."

एसटीत ती त्यावर हसली. पलूस आल्यावर म्हणाली, "मी मेल्यावर माझ्या तोंडाचा फोटू कुणाला काढू द्यू नगंस, आक्का. बोल, न्हाई देणार?" मी हो म्हणाले. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं मलाच सांगितलं.

तिला घरी आणलं तेव्हा उंबऱ्याबाहेर मोबाईल वर झालेच. मी दार लावून घेतलं आणि तोंड झाकूनच तिला बाहेर काढलं. लोक नावं ठेवत राहिले. तेराव्याला हार घालायला फोटो नव्हता. पाहुण्यांतले एक जण म्हणाले, "त्या व्हिडिओतला काढू की. आता तिला काय कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. मी हार उचलला आणि गोठ्यात नेऊन शालनच्या म्हशीच्या गळ्यात घातला. पाहुणे थुंकले. थुंकू देत.

पडवीत शालन खुर्ची फिरवून, रस्त्याकडं पाठ करून बसायची. तांदूळ निवडायचे तरी भिंतीकडं तोंड करून. आता येणारा-जाणारा ती खुर्ची सरळ करतो, रस्त्याकडं तोंड करून बसतो, फोन काढतो... तो गेला की मी खुर्ची परत फिरवून ठेवते.